डोळ्यांतला पांढरा

तेरवी उद्यावर आली तरी इंदुताईंची तसबीर भिंतीवर लागली नव्हती. कुठली लावायची यावरून घरात दोन तट पडले होते.

तसबिरीवरून भांडायचं ही या घराण्याची जुनी खोड होती. इंदुताईंच्या यजमानांचे, गणपतरावांचे वडील भैय्याजी गेलेल्या माणसांच्या तसबिरी काढून द्यायचे. त्यांच्या कुंचल्याखालून गेलेला माणूस जिवंतपणी कधी नव्हता इतका तरतरीत दिसायचा. गाल गुलाबी, केस काळे, ओठांवर समाधान. कामठीच्या एका बाईला म्हणे आपलाच नवरा ओळखू आला नव्हता, पण आवडला म्हणून ती घेऊन गेली. या गुलाबी रंगावरून गणपतरावांनी विसाव्या वर्षी बापाशी बोलणं टाकलं आणि भैय्याजी गेल्यावर त्यांची तसबीर काढली ती बोळक्या तोंडाची, गालाच्या चामखिळीसकट. ती अजून जिन्याजवळ लटकते आहे. आता तिसऱ्या पिढीत विक्कीनं प्रताप नगरच्या चौकात फ्लेक्स छापायचं दुकान टाकलं होतं, आणि तो पुढाऱ्यांना त्यांच्या वाढदिवसापुरतं गोरं करून देत होता. आजोबांचा धंदा नातवाकडे गेला, मधला एक माणूस तेवढा खरं बोलत राहिला, असं गणपतरावांची मुलगी मयुरा पुण्याच्या मित्रमंडळींत हसत हसत सांगायची.

गेल्या बारा दिवसांत मात्र तिला हसू म्हणून आलं नव्हतं.

सकाळी दहाच्या सुमाराला सगळे जण वरच्या खोलीत चित्र पाहायला गेले होते. वार्निश वाळेपर्यंत चित्र कुणाला दाखवायचं नाही हा गणपतरावांचा नियम होता. एरवी चित्रावर चादर असायची, आणि वर कुणी फिरकतही नसे. धूळ पुसायला सून जायची तेवढीच. आज त्यांनी स्वतः चादर काढली आणि बाजूला उभे राहिले. चित्रात खिडकीशी लाकडी खुर्चीवर इंदुताई बसल्या होत्या. हिरवी साडी, मांडीवर हात, विरळ झालेले केस. मानेची कातडी सैल पडली होती. डाव्या हातावर ओरखड्यांच्या लालसर रेघा होत्या. आणि डोळे पिवळे होते, वापरून वापरून पिवळट पडलेल्या उशीच्या अभ्र्यासारखे.

शोभाताईंनी पदर तोंडाशी नेला आणि त्या तशाच खाली आल्या. त्या इंदुताईंच्या धाकट्या बहीण, कामठीच्या. पहिल्या दिवसापासून त्या इथंच मुक्कामाला होत्या. बैठकीतल्या दिवाणावर बसून त्यांनी सांगून टाकलं की या चित्रासमोर त्यांच्यानं फूल वाहवणार नाही. आजार माणसाला नेतो ते नेतो, वर भिंतीवरही आजारच टांगून ठेवायचा, हे कुठलं शहाणपण, असं त्यांचं म्हणणं होतं.

विक्कीनं मग कपाटामागून आपली तसबीर काढली. ती त्यानं चार दिवसांपूर्वीच छापून आणली होती. त्याच्याच लग्नातला फोटो, पण गाल भरलेले, रंग दोन हात उजळ, डोळे दुधासारखे. उद्या शंभर माणसं येतील आणि आई त्यांच्या लक्षात काविळीची पेशंट म्हणून राहील, असं तो म्हणाला. नाहीतर बाबांनी तेवढे डोळे पांढरे करावेत, बाकी चित्र राहू द्यावं, अशी त्यानं तडजोडही सुचवली.

मयुरा तडजोडीला आलीच नव्हती. वास्तववाद हा तिचा शिकवायचा विषय होता. पुण्याच्या कॉलेजात ती दरवर्षी पोरांना सांगायची की परदेशातल्या चित्रकारांनी देव आणि राजे बाजूला ठेवून चिखलातले मजूर आणि थकलेल्या धोबिणी रंगवायला घेतल्या तेव्हा लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. आपल्याकडे गोष्टींतल्या राजकन्या जाऊन मोलकरणी आल्या तेव्हाही नाकं मुरडलीच गेली. आहे ते आहे तसं दाखवणं यातच माणसाचा मान आहे, हेच तिनं आज विक्कीला ऐकवलं, थोडं वर्गात ऐकवतात तसंच. तिला ही दृष्टी कुठल्या पुस्तकातून मिळाली नव्हती. ती बाबांच्या पायाशी बसून मिळाली होती. बाबा चित्रशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर चिरलेलं वांगं ठेवायचे. मुलं जांभळं, तुकतुकीत वांगं काढायची. तासाभरानं बाबा प्रत्येकाच्या मागे जाऊन एवढंच विचारायचे, की काळं पडलं ते कुठे आहे. बाबांच्या सत्तरीच्या प्रदर्शनाला पुस्तिका लिहिली तेव्हा तिनं पहिलंच वाक्य घातलं होतं : गणपतरावांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"आईनं ते सगळं सोसलं," ती विक्कीला म्हणाली. "तुले नुसतं पाहायलेही जड जाऊन राहिलं काय?"

विक्कीनं तसबीर भिंतीला टेकवून ठेवली. त्याला ताईपुढे बोलायची सवय लहानपणापासून नव्हती.

तेवढ्यात विक्कीची बायको रितिका चहा घेऊन आली. बारा दिवस ती या घरात बिनआवाजाची वावरत होती. त्याला कारण होतं, आणि ते कारण मयुराच होती.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी इंदुताई मोरीत कोसळल्या तेव्हा विक्कीनं त्यांना दवाखान्यात नेलं. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ निघाली. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून दाखवली आणि म्हणाले, कावीळ केव्हाची अंगावर काढली तुम्ही, दोन महिने आधी आणलं असतं तर गाठ काढता आली असती. हे 'दोन महिने' मग घरात राहायलाच आले. कुणाचे दोन महिने, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी इंदुताई गेल्या त्या दिवशी मयुरानं तो बोलून टाकला. पुण्याहून आली, आईला तसं पाहिलं, आणि भरल्या बैठकीत, शेजारपाजाऱ्यांसमोर रितिकाला म्हणाली, "एका घरात राहून तुले आईचे डोळे पिवळे झालेले दिसले नाही?"

रितिका सकाळी साडेआठला मिहानच्या ऑफिसला जायची ती संध्याकाळी सातला यायची. सासूची आणि तिची भेट व्हायची ती ट्यूबलाइटखाली, आणि रविवार धुण्याभांड्यात जायचा. हे सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. ज्यानं सांगायचं तो विक्की पायांकडे पाहत बसला, आणि आठवड्यानं त्यानं बेसाला एक फ्लॅट भाड्यानं पाहून ठेवला. तेरवी झाली की गुरुवारी सामान हलणार होतं. मयुरा बोलल्यापासून पाहुणे येत तेव्हा शोभाताई उसासा टाकून म्हणत की वेळेवर कुणाच्या ध्यानात आलं असतं तर, आणि पाहुणे ओळीनं रितिकाकडे पाहत. मयुराला आपण फार बोललो असं एकदोनदा वाटलं होतं, पण खोटं बोललो असं वाटलं नव्हतं.

रितिकानं कप ठेवले आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाली, "बाबांचंच लावा. डोळे नका बदलू."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. विक्कीनं तर बायको विरुद्ध पार्टीत गेल्यासारखं पाहिलं. मयुराला वाटलं, आता हिला माझं मन राखायचं आहे, आणि तिला त्या भाबडेपणाची थोडी चीडही आली. गणपतराव जिन्याशी, भैय्याजींच्या तसबिरीखाली उभे होते. त्यांनी सुनेकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मले जे दिसलं ते काढलं," ते म्हणाले. पन्नास वर्षं ते हेच वाक्य म्हणत आले होते.

शोभाताईंनी हात जोडले. भाऊजी, तुमचे नियम तुमच्यापाशी, मला माझी बहीण पाहू द्या, एवढंच त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. गणपतराव वर निघाले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस एक एक पायरी मोजल्यासारखा चढत होता. मयुराला त्या पाठीचा अभिमान वाटला. सगळं घर उलटलं तरी या माणसाचा हात खोटा रंग लावणार नाही, असं तिला वाटलं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिला थोडा आधार वाटला.

दुपारी जेवणं झाल्यावर ती दोन हुक आणि सुतळी घेऊन वर गेली. चित्राला मागून दोरी बांधायची राहिली होती. गणपतराव खिडकीशी स्टुलावर बसून कुंचले पुसत होते. कुंचले कोरडेच होते. तिनं चित्र ते टेकवलेल्या लाकडी घोडीवरून उतरवलं आणि तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

कॅनव्हासच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. ते असणारच होतं. चित्राची पुढची बाजू लोकांची, मागची आपली, असं ते विद्यार्थ्यांना सांगायचे, आणि माणसाला समोर बसवायच्या प्रत्येक बैठकीची तारीख व त्या दिवशी लावलेले रंग मागे टिपायचे. लहानपणी मयुरा त्या नोंदींवरून अक्षरं गिरवायला शिकली होती. तिनं हुक बसवायची जागा पाहता पाहता सहज वाचायला सुरुवात केली.

'६ ऑक्टोबर. पहिली बैठक. इंदू खिडकीशी. हिरवी साडी.'

तिचा हात थांबला. आईचं चित्र आजारपणातलं, म्हणजे जानेवारीनंतरचं, असं सगळे धरून चालले होते. तिनंही तेच धरलं होतं.

'१७ ऑक्टोबर. डोळ्यांतला पांढरा शुद्ध नाही. पिवळा ऑकर टोकभर.

२८ ऑक्टोबर. ऑकर वाढवला. भिंतीची छटा पडत असेल म्हणून मागे पांढरी चादर टांगली. साडी बदलून पाहिली. पिवळा तसाच. डोळ्यांतलाच आहे.

११ नोव्हेंबर. डाव्या हातावर ओरखडे, ताजे. सारखी खाजवते. हात स्थिर ठेवायला सांगितलं.

२५ नोव्हेंबर. पिवळा चेहऱ्यावर उतरला. आज रंग बरोबर जमला.

१० डिसेंबर. पूर्ण.'

मयुरानं ते पुन्हा वाचलं. साडी बदलून पाहिली, या तीन शब्दांवर ती अडकून राहिली. आईला उठवून, खाली पाठवून, दुसरी साडी नेसून यायला सांगितलं असणार. आई कुरकुरली असेल आणि आली असेल. पुन्हा खुर्चीवर बसली असेल. चित्रासाठी बसलं की बोलायचं नाही, हा नियम, त्यामुळे अंगाला खाज सुटते हेही तिला नीट सांगता आलं नसेल. मयुरानं भिंतीला हात टेकला.

"बाबा, हे ऑक्टोबरचं आहे," ती म्हणाली.

गणपतरावांनी कुंचला पुसणं थांबवलं नाही. "हो," ते म्हणाले.

"डॉक्टर दोन महिने म्हणत होते. तुमच्याजवळ तीन होते."

ते बोलले ते कुंचल्याकडे पाहतच. "डॉक्टरनं तिची पापणी खाली ओढली न, तेव्हा मी मागे उभा होतो. मले तो रंग ओळखू आला. मीच तर कालवला होता तो, महिनाभर खपून."

"तोवर कळलं नाही तुमाले? पिवळे डोळे म्हणजे कावीळ, हे लहान पोरालेही समजते."

"मलेही समजते," गणपतराव म्हणाले. "भाजीवाल्याचे पिवळे दिसले असते त त्याले मी दवाखान्यात जा म्हटलं असतं. पण इथं ती समोर बसली की इंदू नसते न. उजेड असते, सावली असते. पिवळा मिळून नव्हता राहिला. मी त्याच्याच मागे होतो. मिळाला त्या दिवशी मी खूश होऊन खाली गेलो आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तिनंच वाढल्या."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. मयुराला वाटलं होतं ते रडतील. ते रडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"मग मी रितिकाले बोलली तेव्हा तुम्ही तिथंच होते. गप्प काहून बसले?"

"तूच बोलून राहिली होती," ते म्हणाले.

खरंच तीच बोलत होती. ती इतक्या खात्रीनं बोलत होती की एखाद्या म्हाताऱ्याला तिच्या शब्दांमागे लपता आलं. काही सुटत नाही, असं तिनं छापलं होतं, आणि ते अक्षर न् अक्षर खरं होतं. काही सुटलं नव्हतं. तारखेसकट लिहून ठेवलं होतं.

"खाली चला," ती म्हणाली. "सगळे आहेत. सांगून टाका. मी तुमच्याजवळ बसते."

गणपतरावांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. ती पाच मिनिटं उभी राहिली. ते उठले नाहीत. हुक आणि सुतळी तिथंच टाकून ती एकटीच खाली आली.

स्वयंपाकघरात रितिका उद्याच्या वड्यांसाठी उडदाची डाळ धूत होती. मोठं घमेलं, आणि त्यात कोपरापर्यंत बुडालेले हात. मयुरानं दार लोटून घेतलं आणि सांगायला सुरुवात केली, की वर चित्राच्या मागे तारखा आहेत.

"मले माहीत आहे, ताई," रितिका म्हणाली.

तिनं हात बाहेर काढले नाहीत. जानेवारीत, आईंना भरती केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती वरची खोली झाडायला गेली होती. चित्र ओढून मागची धूळ पुसताना तिनं सगळं वाचलं होतं.

"मग इतके दिवस बोलली काहून नाही? मी तुले इतकं बोलली, तेव्हाही नाही?"

"तेव्हा बाबा तिथं खुर्चीवर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. मले माहीत आहे हे त्यांना समजलं, ताई. मग त्यांनी नजर खाली घातली." ती डाळ चोळत राहिली. "मले काही दया वगैरे नाही आली. मी म्हटलं, पाहू. खरं बोलणारं घर आहे, लग्न ठरलं तेव्हापासून ऐकून राहिली. कधी त सांगतील. आज बारावा दिवस आहे."

मयुराला आता कळलं, की सकाळी रितिका डोळे नका बदलू का म्हणाली होती.

"तेवढंच माझ्या बाजूनं होतं," रितिका म्हणाली. "राहिलं असतं भिंतीवर. कोणी त कधी विचारलं असतं, हे कवाचं म्हणून."

मयुरानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझं चुकलं, रितिका, मला माफ कर, असं ती म्हणाली आणि तिला रडू आलं. बारा दिवसांतलं हे तिचं पहिलं खरं रडणं होतं. रितिकानं खांदा काढून घेतला नाही, पण ती वळलीही नाही.

"इथं नका म्हणू," ती म्हणाली. "ते तुम्ही बैठकीत म्हणाल्या होत्या, सगळ्यांसमोर. तिथंच म्हणा."

मयुरा म्हणाली, म्हणते. आणि त्या क्षणी ते तिच्या मनात पक्कं होतं. बाबा सांगणार नसतील तर आपण सांगू, आजच सांगू, मावशीसमोर. तिनं तोंडावर पाणी मारलं आणि वाक्य मनात जुळवलं. साधंच वाक्य होतं : रितिकाला दिसलं नव्हतं, बाबांना दिसलं होतं.

चारच्या सुमाराला गणपतराव चित्र घेऊन खाली उतरले. विक्की धावत दुसरं टोक धरायला गेला. चित्र दिवाणावर भिंतीला टेकवून ठेवलं आणि शोभाताई एकदम उठून उभ्या राहिल्या.

डोळे पांढरे झाले होते. गणपतरावांचा हात अजून पक्का होता, काम नजरेत न येण्यासारखं झालं होतं. डोळ्यांत ओलसर चमकही ठेवली होती. हातावरचे ओरखडे गेले होते. गालांवर, भैय्याजींच्या तसबिरींत असायचा तसा, गुलाबीचा एक हात फिरला होता. इंदुताई बऱ्या झाल्या होत्या.

"हे पाहा," शोभाताई म्हणाल्या, "ही माझी इंदू." त्यांनी चित्राला दुरूनच हात लावून बोटं कपाळाला टेकवली. विक्कीनं बाबांच्या पायांना हात लावला आणि आपली छापलेली तसबीर गुपचूप कपाटामागे सरकवली. त्याचे डोळे भरून आले होते. बापानं आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काही ऐकलं होतं. तो वडिलांना म्हणाला की बेसाला गेलो तरी रोज चक्कर मारून जाईन. घरात कितीतरी दिवसांनी सगळे एका बाजूला झाले.

रितिका स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी होती. तिनं चित्राचे डोळे पाहिले. मग बाबांकडे पाहिलं. गणपतरावांच्या उजव्या अंगठ्याला पांढरा रंग लागला होता आणि ते तो दुसऱ्या हाताच्या नखानं खरवडत होते.

"चांगली होती वं," शोभाताई डोळे पुसत म्हणाल्या. "वेळेवर कोणाच्या ध्यानात आलं असतं त आज इथं बसली असती." आणि सवयीनं त्यांनी दाराकडे पाहिलं. विक्कीनंही पाहिलं.

मयुराचं वाक्य तयार होतं. तिनं तोंड उघडलंही. समोर बाबा होते, त्यांचा सदरा खांद्यावर उसवला होता, आणि परवापासून या घरात ते एकटे राहणार होते. पण तिला थांबवलं ते या दयेनं नाही, आणि हे तिला तेव्हाही माहीत होतं. वाक्य बोललं की बाबांचं पाहणं संपणार होतं, आणि त्या पाहण्यावर तिनं शिकवलेलं, लिहिलेलं, मिरवलेलं सगळं उभं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही जीभ हलली नाही.

"स्टूल कुठे आहे?" ती म्हणाली.

दारातून रितिकाच आत गेली. स्टूल आणून तिनं भिंतीशी ठेवलं आणि ते हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं. मयुरा वर चढली. विक्कीनं चित्र तिच्या हातात दिलं. दोरी बांधलेली होती, बाबांनी स्वतःच बांधली होती. खिळ्यात अडकवण्यासाठी तिनं चित्र कलतं केलं तेव्हा मागच्या नोंदींखाली तिला आजची तारीख दिसली. 'डोळे पांढरे केले', एवढंच लिहिलेलं होतं. का केले, ते नव्हतं. का ते लिहायची त्यांची पद्धत कधीच नव्हती.

तिनं दोरी खिळ्यात अडकवली आणि चित्र सोडलं. ते भिंतीला टेकलं आणि मागची बाजू गेली.

मयुरानं मान वळवून पाहिलं. गणपतराव बैठकीच्या मधोमध आले होते. त्यांनी एक डोळा मिटला होता, मान थोडी तिरकी केली होती, आणि ते काहीतरी सांगण्याच्या बेतात होते. रितिकाचे हात स्टुलावर घट्ट झाले.

"डावी बाजू खाली आहे," गणपतराव म्हणाले. "सूतभर."

मयुरानं वळून पाहिलं. खरंच खाली होती. तिनं ती सरळ केली.